आसाफाचा पाय कां घसरूं लागला?

खेडोपाडींच्या मंडळ्यांस भेट देण्यास आम्ही जातों तेव्हां एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो. कोणी तो उघड विचारतो, कोणी अर्धवट बोलून सोडून देतो, आणि कोणाच्या तर केवळ चेहऱ्यावरच तो दिसतो. प्रश्न असा कीं, ज्या माणसानें आमच्या बांधालगतची जमीन खोट्या खतानें आपल्या नांवावर करून घेतली, त्याच्या विहिरीला उन्हाळ्यांतहि पाणी असतें, त्याचा ऊस कारखान्यास वेळेवर जातो, त्याचीं मुलें शहरांत शिकतात. आणि आम्ही, ज्यांनीं कोणाची काडीहि घेतली नाहीं व रविवारची उपासना चुकविली नाहीं, ते टँकरच्या रांगेंत हंडे घेऊन उभे आहों. पाळकसाहेब, हें काय?

ह्या प्रश्नास आमचे कांहीं उपदेशकबंधु "देवाची इच्छा" एवढ्या दोन शब्दांत उत्तर देऊन चहाचा पेला हातीं घेतात. देवाच्या इच्छेवांचून कांहीं घडत नाहीं हें आम्हांसहि मान्य आहे. पण ज्याची जमीन गेली त्याला हें उत्तर दाराबाहेर लोटल्यासारखें वाटतें. शिवाय दुसऱ्याची जमीन लाटावी ही देवाची आज्ञा नव्हती, एवढें दहा आज्ञा पाठ असलेलें शब्बाथशाळेंतील लेंकरूंहि सांगेल. तेव्हां ह्या प्रश्नाचा विचार जरा सावकाशीनें करूं.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, असा प्रश्न विचारणारा मनुष्य अविश्वासी नव्हे. ज्याचा देवावर विश्वासच नाहीं त्याला हा प्रश्न पडण्याचें कारण नाहीं. जगांत बळी तो कान पिळी, असें म्हणून तो स्वस्थ बसेल. देव न्यायी आहे असें ज्यानें मनापासून मानिलें, त्यालाच अन्याय पाहून धक्का बसतो. आमच्या शास्त्रांत हा धक्का बसलेल्यांची मोठी रांग आहे. ईयोबानें आपल्या मित्रांस ह्याच विषयावर निरुत्तर केलें. यिर्मयानें देवाशीं वाद मांडला, आणि त्याला जें उत्तर मिळालें तें समजूत घालणारें नव्हतें. एवढ्यानेंच तूं थकलास तर पुढें ह्याहून कठीण आहे तेथें काय करशील, अशा अर्थाचें तें होतें. पण ह्या सर्वांत आमच्या खेड्यांतील उपदेशकांस अगदीं जवळचा वाटावा असा मनुष्य म्हणजे ७३ वें स्तोत्र ज्याच्या नांवावर आहे तो आसाफ होय.

हा आसाफ कोण? तो लेवी होता. दावीद राजानें कराराच्या कोशापुढें गायनवादनाची जी व्यवस्था लाविली तींत तो मुख्य होता, आणि झांजा वाजविण्याचें काम त्याच्याकडे होतें असें इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांत लिहिलें आहे. म्हणजे हा कोणी बाहेरचा टीकाकार नव्हे. रोज देवाची स्तुति करणें हाच ज्याचा पेशा, ज्याच्या झांजेच्या तालावर सारी मंडळी गाई, त्या मनुष्याचा पाय घसरूं लागला होता. आणि त्याचें कारण तो लपवून ठेवीत नाहीं. दुष्टांचें दुष्टपण पाहून तो खचला नव्हता. त्यांची भरभराट पाहून त्याला त्यांचा हेवा वाटूं लागला होता. त्यांचीं अंगें धडधाकट, त्यांना इतरांसारखे कष्ट नाहींत, गर्व त्यांच्या गळ्यांत दागिन्यासारखा शोभतो, आणि लोक त्यांच्याच मागें जातात. मग मीं आपलें अंतःकरण स्वच्छ ठेविलें तें व्यर्थच काय, असें त्यास वाटलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. आपली तक्रार न्यायाची आहे असें आपण समजतों. पण तिच्या पोटीं पुष्कळ वेळां हेवा असतो. शेजाऱ्यानें पाप केलें ह्याचें दुःख, आणि त्या पापाचें फळ आपल्यास न मिळतां त्याला मिळालें ह्याचें दुःख, हीं दोन वेगवेगळीं दुःखें आहेत. आसाफानें हा भेद ओळखला व तो कबूल केला, म्हणूनच त्याच्या पुढच्या बोलण्यास वजन आहे.

आतां ह्या प्रश्नास जीं उत्तरें आमच्या लोकांत चालतात त्यांचा विचार करूं. सर्वांत जुनें उत्तर आमच्या रक्तांतच मुरलेलें आहे: "त्याचें पूर्वसंचित, दुसरें काय?" बाप्तिस्म्याच्या वेळीं हें उत्तर आपण मागें टाकून आलों असें मानितों, परंतु नळ कोरडा पडला, बैल मेला, कीं तें मागच्या दारानें घरांत येऊन बसतें. फरक एवढाच कीं, आतां त्याच्या अंगावर ख्रिस्ती अंगरखा असतो. त्याला धन मिळालें म्हणजे देव त्याच्यावर प्रसन्न असला पाहिजे. आम्हांस दुःख आलें म्हणजे आमच्या हातून कांहीं पाप घडलें असलें पाहिजे, असें आम्ही म्हणूं लागतों.

हें उत्तर खरें मानिलें तर त्याचा पहिला तडाखा कोणास बसेल? आमच्याच वाडवडिलांस. ते शतकानुशतकें गांवकुसाबाहेर राहिले, मेलेलीं ढोरें ओढीत राहिले, पाण्याकरितां दुसऱ्याच्या हाताकडे पाहत राहिले; आणि त्यांना सांगण्यांत येत असे कीं, हें तुमच्याच मागल्या पापांचें फळ आहे. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूला हेंच विचारिलें होतें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारिलीं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, त्या वेळींहि तीं माणसें यरुशलेमांतील इतरांपेक्षां अधिक पापी नव्हतीं असें त्यानें स्पष्ट सांगितलें. आमच्या देशांतहि एक भिंत पडली होती. मंगळवेढ्याचें गांवकूस बांधण्याच्या कामावर मजूर म्हणून धरून नेलेल्या लोकांत संत चोखामेळा होता, आणि ती भिंत कोसळून तो इतर मजुरांसह तिच्याखालीं मेला, असें परंपरा सांगते. साल १३३८ देतात. ज्या भिंतीच्या आंत त्याला घर बांधतां आलें नसतें तीच त्याच्या अंगावर पडली. तो अधिक पापी होता म्हणून मेला, आणि ज्यांनीं त्याला वेठीस धरिलें ते पुण्यवान होते म्हणून वांचले, असें म्हणण्यास आमच्यापैकीं कोणाची जीभ रेटेल? मग आजच्या सावकाराची माडी पाहून तीच गोष्ट आम्ही उलट्या बाजूनें कां म्हणावी? कणगी किती भरली ह्यावरून देवाची मर्जी मोजण्याचें माप आम्हींच पहिल्यानें फोडून टाकावें, कारण त्या मापानें सर्वांत अधिक आम्हीच मारले गेलों आहों.

ह्याच उत्तराचा एक नवा अवतार हल्लीं मोठमोठ्या सभांतून व मोबाईल फोनवरून आमच्या मंडळ्यांत येत आहे. अमुक इतकें दान करा, शंभरपट घ्या. विश्वास ठेवा आणि मोटार मिळवा. आमच्या एका मंडळींतील विधवा बाईनें अशा सभेंत कानांतील फुलें काढून दिलीं असें आम्हीं ऐकलें. त्यावर अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाहीं. प्रभूला डोकें टेंकण्यास जागा नव्हती एवढेंच त्या उपदेशकांस कोणी आठवून द्यावें.

दुसरें उत्तर असें कीं, "थांबा, देव लवकरच त्याला दाखवील." ह्यांत सत्याचा मोठा अंश आहे; न्यायाचा दिवस आहे हें आमच्या मतांगीकारांत आहेच. पण 'लवकर' हा शब्द आपण पदरचा घालतों. नाबोथाची गोष्ट वाचा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायांत ती आहे, आणि ज्याची जमीन कधीं गेली आहे त्याला ती कालच घडल्यासारखी वाटेल.

अहाब राजास वाड्यालगतचा द्राक्षमळा भाजीपाल्याकरितां हवा होता. तो मोल देण्यास तयार होता, बदली जमीन देण्यासहि तयार होता. पण नाबोथ म्हणाला कीं, ही माझ्या वाडवडिलांची वतनी जमीन आहे, ती मला देतां येत नाहीं. आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें तो बरोबर बोलत होता. मग ईजबेल राणीनें काय केलें? तिनें दरोडा घातला नाहीं. तिनें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाची मोहोर केली, गांवच्या वडिलांकडे पाठविलीं, उपासाचा दिवस जाहीर करविला, दोन साक्षीदार उभे केले, आणि कायद्याप्रमाणें खटला चालवून नाबोथास दगडमार करविला. सर्व कागद बिनचूक होते. गांवांतील एकाहि वडिलानें तोंड उघडलें नाहीं. मोठ्या अन्यायास बहुधा कुऱ्हाडीची गरज लागत नाहीं. एक मोहोर, दोन साक्षीदार आणि गप्प बसणारे पंच एवढें पुरतें.

पुढें एलीया संदेष्टा आला व त्यानें त्या मळ्यांतच राजास गांठून खडसाविलें. अहाबानें गोणपाट नेसून उपास केला. तेव्हां देवानें म्हटलें कीं, हा नम्र झाला म्हणून हें अरिष्ट ह्याच्या दिवसांत न आणितां ह्याच्या मुलाच्या दिवसांत आणीन. हें वाचून आम्हांस नेहमीं अडखळल्यासारखें होतें. नाबोथ मेला, राजांच्या दुसऱ्या पुस्तकावरून पाहतां त्याचे मुलगेहि मारले गेले, आणि मळा परत केल्याचा तर एक शब्दहि नाहीं. अहाबाचें राज्य पाहूं गेलें तर तें कांहीं लहानसहान नव्हतें. त्यानें हस्तिदंती मंदिर बांधिलें, नगरें बांधिलीं, आणि इ. स. पूर्वीं ८५३ मध्यें अश्शूरच्या राजाविरुद्ध कर्कार येथें जी लढाई झाली तींत अहाबाकडे २,००० रथ होते अशी नोंद खुद्द शत्रूच्याच शिलालेखांत आहे. शेवटीं तो एका अनोळखी तिरंदाजाच्या बाणानें मेला हें खरें. पण नाबोथाच्या बायकोस, ती जिवंत राहिली असेल तर, तोंवर वर्षें मोजावीं लागलीं. शास्त्र हें कांहीं लपवीत नाहीं. देवाचा न्याय येतो; पण तो आमच्या सुगीच्या हिशेबानें येत नाहीं.

मग माणसानें तो न्याय आपल्याच हातीं घ्यावा काय? त्याचेंहि उदाहरण ह्याच गोष्टीच्या शेवटीं आहे. येहूनें अहाबाच्या मुलास मारून त्याचें प्रेत नाबोथाच्याच शेतांत टाकविलें, व देवाचें वचन पूर्ण झालें असें म्हटलें. परंतु तो तेथें थांबला नाहीं. त्यानें रक्ताचा असा सडा घातला कीं, पुढें होशेय संदेष्ट्याच्या द्वारें देवानें इज्रेलाच्या त्याच रक्ताबद्दल येहूच्या घराण्यास जाब विचारिला. नाबोथाचा कैवारी म्हणून उठलेला मनुष्य स्वतःच नवा अहाब झाला.

आमच्या महाराष्ट्रांतील एक प्रकरण ह्या बाबतींत विचार करण्यासारखें आहे. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां तेथील कापूस विलायतेस जाईना. म्हणून इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्यांस कर्जहि हवें तेवढें मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव कोसळला, वर सरकारनें फेरपाहणी करून सारा वाढविला. सावकारानें कोर्टांत जाऊन हुकूमनामे आणिले. अंगठा उठविणाऱ्यास खतांत काय लिहिलें आहे हें ठाऊक नव्हतें, आणि न्यायाधीशास खताबाहेर पाहण्याची मुभा नव्हती. शेवटीं १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या गांवीं लोक उठले, आणि ती वावटळ नगर जिल्ह्यांतहि पसरली. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या दंग्यांत बहुतेक ठिकाणीं सावकाराचे प्राण घेतले गेले नाहींत. लोकांनीं खतें मागितलीं व तीं जाळिलीं. कागदानें आपणांस बांधिलें आहे हें त्या अडाणी म्हटलेल्या लोकांनीं अचूक ओळखलें होतें. दंगा शास्त्रसंमत होता असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळांस तुरुंग भोगावा लागला, आणि पुढल्याच वर्षीं जो मोठा दुष्काळ सुरू झाला त्यानें कर्जदार व सावकार दोघांसहि झोडपलें. परंतु सरकारनें चौकशी नेमिली, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा झाला; त्यानें कोर्टास खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती होतें हें तपासण्याचा अधिकार मिळाला. कर्ज त्यानें नाहींसें झालें नाहीं. तरी देवाच्या न्यायाची वाट पाहणें आणि माणसांच्या कायद्याची सुधारणा मागणें ह्या दोहोंत विरोध नाहीं, एवढें ह्यावरून दिसतें.

आतां निदणाच्या दृष्टांताकडे वळूं, कारण तो दाखवून पुष्कळ जण आम्हांस गप्प बसण्यास सांगतात. गव्हांत निदण उगवलें. चाकरांनीं तें उपटावें काय असें विचारिलें. धन्यानें कापणीपर्यंत थांबण्यास सांगितलें. निदणाचें रोप ओंबी येईपर्यंत गव्हासारखेंच दिसतें, आणि मुळें एकमेकांत गुंतलेलीं असतात, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. पण धन्यानें चाकरांस निदणाला गहूं म्हणावयास सांगितलें नाहीं. त्याला पाणी द्या, खत घाला, असेंहि सांगितलें नाहीं. उपटून जाळण्याचा शेवटचा अधिकार तेवढा त्यानें आपल्या हातीं ठेविला. आणि तो कां ठेविला ह्याचें एक कारण आम्हांस यरीहो गांवांत सांपडतें. तेथें जक्कय नांवाचा जकातदारांचा मुख्य होता. लोकांस लुबाडून तो श्रीमंत झाला होता. त्या गांवांतील गोरगरीब रात्रीं झोंपतांना त्याच्याविषयीं देवाजवळ काय मागत असतील हें आम्ही सहज ओळखूं शकतों. त्यांची प्रार्थना त्यांच्या शब्दांप्रमाणें ऐकली गेली असती तर जक्कय त्या उंबराच्या झाडावर चढण्यापूर्वींच मेला असता. देवानें उशीर केला. आणि त्या उशिरांत जक्कय तारला गेला, व ज्यांना त्यानें फसविलें होतें त्यांना चौपट परत मिळालें. अहाबाचा पश्चात्ताप गोणपाटापर्यंतच गेला. जक्कयाचा पश्चात्ताप लोकांच्या दारांपर्यंत पोंचला. जो चोर प्रार्थनेंत रडतो पण सातबारा परत करीत नाहीं त्याची गणना कोणांत करावी हें वाचकांनीं ठरवावें.

हा देवाचा उशीर आपणांस आवडत नाहीं. योनासहि आवडला नव्हता. निनवे वांचली म्हणून तो रागावून शहराबाहेर बसला, आणि डोक्यावरची वेल सुकली तेव्हां त्याला वाईट वाटलें. माणसांकरितां मात्र वाटलें नाहीं. दुष्टाच्या घरास आग लागावी म्हणून जो रोज खिडकींतून पाहतो, त्याच्या स्वतःच्या चुलींतील विस्तव केव्हां विझला हें त्याला कळत नाहीं.

तरी हें सर्व म्हणून झाल्यावरहि एक गोष्ट उरते. ज्यांस चौपट परत मिळालें ते भाग्यवान. ज्यांस कधींच मिळालें नाहीं त्यांचें काय? येथें आम्हांस वधस्तंभाजवळ जाण्यावांचून गत्यंतर नाहीं. प्रभूचा खटला नाबोथाच्या खटल्यासारखाच होता: खोटे साक्षीदार, धर्माधिकाऱ्यांची सभा, सरकारी मोहोर. बरब्बा सुटला. तिसऱ्या दिवशीं प्रभु उठला, ही आमच्या विश्वासाची कोनशिला आहे. परंतु त्या ईस्टरच्या सकाळीं यरुशलेमांत आणखी काय झालें हें आम्ही क्वचितच ध्यानांत घेतों. कांहींच झालें नाहीं. पिलात आपल्या खुर्चीवर होता, कयफा आपल्या पदावर होता, आणि दोघेहि इ. स. ३६ च्या सुमारापर्यंत, म्हणजे आणखी कांहीं वर्षें, तेथेंच राहिले. १९६१ सालीं कैसरिया येथें पिलाताचें नांव कोरलेला दगड सांपडला. तो कोणा बांधकामावर मोठ्या मानानें बसविलेला होता. देवानें मृत्यूचा दगड लोटला, पण पिलाताची खुर्ची लोटली नाहीं. ज्या प्रेषितांनीं उठलेल्या प्रभूला डोळ्यांनीं पाहिलें त्यांना त्याच कयफाच्या सभेपुढें उभें राहून मार खावा लागला, आणि ते आनंद करीत बाहेर आले असें लिहिलें आहे. दुष्टाची खुर्ची हलली कीं नाहीं ह्यावरून देवाच्या विजयाची परीक्षा करावयाची, तर पहिल्याच मंडळीनें विश्वास सोडावयास पाहिजे होता. त्यांनीं तो सोडला नाहीं. कारण ज्याला मारून संपविलें असें कयफा समजत होता तोच त्यांच्याबरोबर होता.

आसाफासहि पवित्रस्थानांत गेल्यावर हेंच कळलें. तो तेथें गेला तेव्हां बाहेर कांहीं बदललें नव्हतें. दुष्टांचीं अंगें पूर्वींसारखींच धडधाकट होतीं. त्यांचा शेवट निसरड्या जागीं आहे हें त्याला दिसलें खरें, पण त्यावर तो रेंगाळत नाहीं. तो लगेच आपल्याविषयीं बोलूं लागतो: मी तुझ्यापुढें पशूसारखा मूढ होतों, तरी तूं माझा हात धरून ठेविला होतास. हेवा गेला तो असा. आणि आमच्या उपदेशकबंधूंनीं त्याची आणखी एक गोष्ट घ्यावी. आपला संशय तो देवाच्या लेंकरांच्या अंगावर वाटेल तसा फेंकीत नाहीं, आणि पोटांतहि कुजूं देत नाहीं. तो देवाजवळ नेतो, आणि मग त्याचें गीत करून मंडळीस देतो. ज्या उपदेशकास कधीं असा प्रश्न पडलाच नाहीं त्यानें पीडिताच्या ओट्यावर फार बोलूं नये.

एक नाजूक गोष्ट येथें टाळतां येत नाहीं. आमच्या लोकांस सर्वांत खोल सल सावकाराचा नसून शेजाऱ्याचा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचे हक्क प्रथम मुख्यतः हिंदूंपुरते ठेविले. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेले त्याच वाड्यांतील लोक बाहेर राहिले. बाप्तिस्म्यानें गांवचा पाणवठा कांहीं त्यांच्याकरितां उघडला नव्हता, पण कागदावर ते निराळे झाले. म्हणून एक घर शाळेच्या दाखल्यावर 'ख्रिस्ती' असें लिहितें आणि सवलत गमावतें. लगतचें घर जुनेंच नांव ठेवितें, रविवारीं मागल्या बांकावर बसतें, आणि त्याच्या मुलास नोकरी लागते. त्या दुसऱ्या घरास आम्ही दुर्जनांच्या यादींत घालणार नाहीं. भुकेल्या बापापुढें असा पेंच टाकणारा नियमच आम्हांस अन्यायाचा वाटतो, आणि तो बदलावा अशी मागणी करण्यांत आम्हांस संकोच नाहीं. परंतु पहिल्या घरानें सत्य लिहिलें, आणि त्याची किंमत त्याच्या मुलानें भरली, हेंहि आम्ही डोळ्यांआड करणार नाहीं. त्या मुलास, "तुझें प्रतिफळ स्वर्गांत आहे," एवढेंच सांगून मंडळी मोकळी होत असेल तर तें याकोबाच्या पत्रांतील उघड्याबंधूस ऊब घे म्हणून निरोप देण्यासारखेंच झालें. आमच्या आज्या स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य मडक्यांत बाजूस टाकीत आणि तें देवाच्या कामास देत. त्या मडक्यांतून अशा मुलाची फी भरावी, ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं.

आणि दुर्जन नेहमीं मंडळीबाहेरच असतो असें समजूं नये. देवळाची जागा, मिशनच्या आवारांतील झाडें, विश्वस्तांचीं दप्तरें ह्यांवरून कोर्टांत किती खटले चालले आहेत हें वाचकांस ठाऊक आहे. ज्यानें मंडळीच्या जागेंतून आपलें घर भरलें त्यालाच आपण कापणीच्या सणास पुढल्या खुर्चीवर बसवितों, त्याच्या हातून फीत कापवितों, त्याच्या दानाची रक्कम मोठ्यानें वाचून दाखवितों. आणि मग घरीं जाऊन दुष्टांची भरभराट कां होते म्हणून देवास विचारितों. त्या भरभराटीचा कांहीं भाग आपणच आपल्या हारतुऱ्यांनीं वाढविलेला असतो. सोन्याची आंगठी घालून आलेल्यास चांगली जागा देण्याविषयीं याकोबानें जें लिहिलें तें प्रत्येक मंडळीच्या पंचांनीं सणापूर्वीं एकदां वाचावें.

शेवटीं व्यवहाराचें थोडेंसें. पौलानें फिलिप्पै येथें फटके मुकाट्यानें खाल्ले, पण सकाळीं अधिकारी गुपचूप सोडूं लागले तेव्हां आपण रोमी आहों असें सांगून त्यांना स्वतः येऊन बाहेर नेण्यास लाविलें. आणि पुढें कैसराकडे दादहि मागितली. ख्रिस्ती मनुष्यानें सूड घेऊं नये, पण अर्जहि करूं नये असें कोठें सांगितलेलें नाहीं. आमच्या राज्यांत २०१४ सालीं सावकारीचा जो कायदा झाला त्यांत बेकायदा सावकारीच्या कर्जापोटीं गेलेली जमीन चौकशीअंतीं मूळ मालकास परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास आहे; पुष्कळांस हें ठाऊकच नसतें. अशा चौकशींत कागदाइतकीच साक्षीची गरज असते. नाबोथाच्या गांवांत त्याच्या बाजूनें बोलणारा एकहि निघाला नाहीं. आमच्या मंडळींतील कोणा बंधूस किंवा विधवेस अशा कामाकरितां तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं तारखेस जावें लागेल तेव्हां मंडळींतील दोन वडिलांनीं बरोबर जावें, ज्यास खरें ठाऊक आहे त्यानें तें सांगावें, आणि त्यांची त्या दिवसाची बुडालेली मजुरी व एसटीचें भाडें रविवारच्या अर्पणांतून भरून द्यावें.